आधी कढत, मग विसण

आमच्या घरात आंघोळीचं पाणी कसं काढायचं ते माझ्या सासूनं ठरवलं आणि तिच्यामागे मी सांभाळलं. बादलीत आधी कढत पाणी घ्यायचं. मग त्यात विसण घालायचं, म्हणजे गार पाणी, अंगाला सोसेल इतकं. उलटं करायचं नाही. आधी गार आणि त्यावर कढत, ही मढ्याच्या आंघोळीची रीत. जित्या माणसाला तसं पाणी काढणं म्हणजे त्याला अर्धं उचलून तिरडीवर ठेवणं. सासूनं मला हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि वाढवणात आमच्या आळीत कुठल्याही घरी विचारा, हेच सांगतील.

माझी सून रुपल लग्न होऊन आली ती पहिल्याच आठवड्यात चुकली. माझ्या जिग्नेशसाठी पाणी काढताना आधी गार नळ सोडला. मी बघितलं आणि बादली तिच्या पायावरून ओतून दिली.

"आई, पाणी शेवटी तेच होतं ना?" ती म्हणाली.

"तुझ्या माहेरी तेच होत असेल. इथे माझा मुलगा जिवंत आहे."

ती रडली नाही. दुसरी बादली घेतली, आधी कढत काढलं, मग विसण घातलं. रडली नाही म्हणून ती मला थोडी आवडली, पण ते तिला सांगायची काही गरज नव्हती.

माझ्या नवऱ्याचं नाव चंदर, पण त्यांना सगळे तांडेल म्हणतात. होडी चालवणारा तो तांडेल, आणि आमच्या होडीवर चाळीस वर्षं यांच्याशिवाय दुसऱ्याने सुकाणू धरलं नाही. दोन वर्षांमागे नारळी पौर्णिमेच्या आधी होडीला रंग देत होते. हातात ब्रश तसाच, आणि वाळूत बसल्यासारखे खाली गेले. मला वाटलं, तंबाखू मळायला बसले. जवळ गेले तेव्हा तोंड डाव्या बाजूला ओघळलेलं.

डावा हात गेला, डावा पाय गेला, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "दे". पाणी हवं तरी दे, लघवीला न्यायचं तरी दे, टीव्ही बंद करायचा तरी दे. आयुष्यभर ज्या माणसाने कुणाकडे काही मागितलं नाही त्याच्या तोंडात हाच शब्द राहावा. डॉक्टर म्हणाला, डाव्या अंगाला स्पर्श कळत नाही, त्यात साखर आहे, जपा. मी म्हटलं, जपायचं मला शिकवू नका.

त्यांची आंघोळ मी कुणाला घालू दिली नाही. रुपल म्हणायची, मी धरते, तुमची कंबर दुखते. मी म्हणायची, तू बाजाराचं बघ. मासळीची टोपली मी तिच्या हातात दिली होती, डहाणूच्या बाजारातली माझी बसायची जागा दिली होती. सगळंच कसं द्यायचं.

आधी परसात तांब्याचा बंब होता. पहाटे पेटवायचा, धुराने डोळे चुरचुरायचे, पण पाणी किती तापलं ते बंबाच्या आवाजावरून कळायचं. तांडेल पडल्यावर जिग्नेश म्हणाला, तू लाकडं फोडत बसणार की बाबांना बघणार? आणि डहाणूहून गिझर घेऊन आला. नविन नावाचा वायरमन तो बसवायला आला. त्याने भिंतीत भोकं पाडली, माझ्या स्वच्छ लादीवर चिखल केला, आणि गिझरच्या खालचं बटण दाखवलं. गोल बटण, त्याच्याभोवती आकडे.

"मासी, हा काटा मधे राहू दे. पन्नासच्या वर नको नेऊ."

"का, फुटेल?"

"फुटणार नाही. तुम्ही भाजाल."

"मी? अरे, मी चुलीवरचा तवा हाताने उतरवते."

"तेच सांगतो ना मासी. तवा एकट्या तुलाच भाजेल. हे पाणी सगळ्यांच्या अंगावर जाणार."

त्या पोराचं तोंड फार चालत होतं म्हणून मी त्याला चहा दिला नाही.

आता खरं ते सांगते. माझ्या हातांना काही कळत नाही. पन्नास वर्षं बर्फात हात, मिठात हात, शिंगाळा माशाचे काटे, सुऱ्यांचे घाव. तळहात असे झालेत की भात शिजला का ते मी उकळत्या टोपातलं शीत उचलून बघते. याचा मला अभिमान होता. सुनेला मी हसायची, तिच्या फुलासारख्या बोटांना. पाण्यात हात घालून मी म्हणायची, हे कोमट आहे. आणि माझ्या हाताला ते कोमटच असायचं.

दर मंगळवारी दक्षा सिस्टर यायची. तांडेलांची साखर बघायची, पायाचे व्यायाम करून घ्यायची. अंगाने बारीक, पण सगळ्या घरात फिरून नाक खुपसायची. एक दिवस मोरीत शिरली आणि गिझरखाली उभी राहून ओरडली, "काकी, काटा पंच्याहत्तरवर कुणी नेला?"

"मीच नेला. माझ्या घरात दुसरं कोण नेणार?"

"कशाला?"

"कोमट पाण्याने रक्त उतरत नाही. त्यांचं अंग थंड पडलंय ते कढत पाण्यानेच जागं होणार."

ती पाटावर बसली. आमच्या सुनेसारखी नव्हे, मोठ्या माणसाला समजावतात तशी बोलली. "काकी, साठ अंशाच्या पाण्यात पाच-सहा सेकंद पाय राहिला तर कातडी जाते. सत्तरला सेकंदभर पुरे. आपल्याला चटका बसतो, आपण पाय काढतो. काकांचा पाय त्यांना सांगणारच नाही की भाजतंय. गिझर पन्नासच्या खाली ठेवा. आणि बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम. म्हणजे मधेच कुणाचा हातपाय पडला तरी गार पाण्यात पडेल."

रुपल दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच जमिनीकडे.

"आधी गार?" मी विचारलं.

"हो."

"सिस्टर, तुमच्यात कसं करतात मला माहीत नाही. आमच्यात मढ्याला तसं काढतात. त्यांचं अर्धं अंग आधीच गेलंय. उरलेल्याला मी माझ्या हाताने तसलं पाणी घालू?"

तिने वाद घातला नाही. म्हणाली, "बरं, निदान हाताने नका बघू. तुमचे हात कामाचे आहेत, त्यांना कळणार नाही. कोपर बुडवून बघा."

"मी काय कोपराने मासे साफ करते?"

रुपलला हसू आलं, तिने पदर तोंडाला लावला. सिस्टरही हसली. जाताना तिने काटा पन्नासवर आणला. ती आळीच्या टोकाला वळेपर्यंत मी थांबले, मग परत वर नेला. हे त्या दिवसापुरतं नव्हतं. रुपल रोज सकाळी काटा खाली करून बाजाराला जायची, आणि ती गेली की मी वर करायची. आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. आमच्या घरातलं ते सगळ्यात मोठं भांडण होतं.

जानेवारीतला तो गुरुवार. जिग्नेश होडी घेऊन तीन दिवस आधी गेला होता, फोन लागत नव्हता. आमच्याकडे मोठं बंदर येतंय, त्याच्या विरोधातली मिटिंग होती म्हणून आळीतली गडीमाणसं सकाळीच काळे झेंडे घेऊन निघून गेली होती. रुपल बाजारात. मी तांडेलांना खुर्चीवरून मोरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर घेतलं, डावा पाय पाटावर ठेवला. पुढ्यात निळा पसरट टब सरकवला, त्यातून तांब्याने घालायला बरं पडायचं. कढत नळ सोडला. टब अर्धा झाला. वाफ येत होती. मी हात घातला. मला वाटलं, दोन तांबे विसण पुरे.

गार नळाकडे हात गेला आणि बाहेर हॉर्न वाजला. बर्फवाला लाहू. गुरुवारी त्याचा टेम्पो येतो, आणि लक्ष ठेवलं नाही तर चांगल्या लाद्या दुसऱ्याच्या दारात उतरवतो आणि मोडक्या माझ्या. मी कढत नळ बंद केला, हात पुसला, म्हटलं, तांडेल, आलेच.

लाहूने लादी उतरवली होती. मधे भोकं पडलेली.

"ही लादी आहे की जाळं?"

"हंसामावशी, बर्फ आहे. उन्हात थोडा जाणारच."

"उन्हात तू उभा राहा की. बर्फाला कशाला उभा केलास?"

"मला बघून तू दार उघडशील का?"

"दार मी बर्फासाठी उघडलं. तोही आणला नाहीस. ती मागची लादी काढ, गोणपाटाखालची. लपवून ठेवलीस ती."

"ती पलीकडच्या वहिनीची."

"पलीकडच्या वहिनीची कशावरून? तिचं नाव कोरलंय?"

आतून आवाज आला. "दे."

मी आत तोंड करून म्हटलं, "आले, आले. तुमची आंघोळ काही पळून जात नाही."

लाहू लादी बदलायला लागला. कुरकुरत, हळूहळू, मला खिजवायला. आतून परत "दे". मग परत. "दे, दे, दे." रोज मागतात तसंच. टीव्हीसाठी मागतात तसंच. आवाज जरा चढला होता असं मला आता वाटतं, पण तेव्हा वाटलं होतं का, ते मला आठवत नाही. मी कितीदा तरी आठवून बघते.

"मावशी, तांडेल बोलावतायत," लाहूच म्हणाला.

"तांडेल दिवसभर बोलावतात. तू लादी नीट ठेव, कोपरा मोडशील."

किती वेळ गेला? लाहू म्हणतो, तीन-चार मिनिटं. मी त्याला विचारू नये असं मला वाटतं तरी मी त्याला विचारते.

मी मोरीत आले. पाट उलटा झाला होता. डावा पाय टबात होता, पोटरीपर्यंत. तांडेल उजव्या बाजूला कलले होते, उजवा हात डाव्या गुडघ्याखाली घातलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी पाय उचलला. घोट्यापासून पांढरं पडलं होतं, आणि माझ्या हाताला काहीतरी लागलं, ओल्या कापडासारखं सरकलं. ते कापड नव्हतं.

मी किंचाळले नाही. मला काय करायचं ते माहीत आहे असं मला वाटलं. भाजलंय तर गार. आणि दारात तर गार होतं, मी भांडून घेतलेली चांगली लादी. मी लाहूला हाक मारली. त्याने बघितलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मी म्हटलं, बर्फ फोड. त्याने हातोडीने फोडला, मी गोणपाट पसरलं, त्यात बर्फ, त्यात पाय, वरून बर्फ, आणि गोणपाट घट्ट बांधलं. पापलेट मुंबईला पाठवताना बांधतो तसं, एक खडा हलू नये असं. माझ्याइतकं बर्फात बांधणारं या किनाऱ्यावर कुणी नाही.

लाहूने त्यांना खांद्यावर घेतलं. आळीत दुसरा गडी नव्हता. मी टेम्पोत उरलेल्या लाद्यांवर चटई टाकली, तिच्यावर त्यांना झोपवलं, डोकं माझ्या मांडीवर. खाली वितळलेलं पाणी, माशांचा वास. लाहूने तो टेम्पो असा हाकला की त्याच्याबद्दल मी पुन्हा वाईट बोलणार नाही. डहाणूच्या बाजारात थांबून हाक मारली, तशी रुपल टोपली शेजारणीकडे टाकून पळत आली. टेम्पोत चढली, गोणपाट बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. तांडेलांचा उजवा हात हातात घेतला आणि लगेच सोडला, मग मनगटाजवळ धरला. असं का धरते, ते मला कळलं नाही.

डहाणूच्या दवाखान्यात सांगितलं, भाजलेल्याचं बघणारा डॉक्टर तलासरीला बसतो, तिथेच न्या. झरी गाव गेलं, चिकूच्या वाड्या गेल्या, आणि मी बर्फ कमी झाला की लादीचे तुकडे गोणपाटात भरत होते. पोचेपर्यंत.

डॉक्टर तरुण होता. त्याने गोणपाट सोडलं.

"बर्फ कुणी बांधला?"

"मी."

"किती वेळ?"

"वाढवणपासून."

"आणि पाणी? गरम पाणी कुणी काढलं होतं?"

रुपल म्हणाली, "डॉक्टर, चुकून झालं, घरात कुणी…"

"मीच," मी म्हटलं. "तिला काही माहीत नाही. मीच काढलं आणि मीच सोडून गेले."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे कुठल्याही ओरडण्याला उत्तर असतं. तो नुसता सांगत गेला, शाळेत सांगतात तसं. भाजलं की नळाखाली साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही. बर्फाने आतलं रक्त थांबतं, भाजलेलं मांस दुसऱ्यांदा मरतं. आणि काकांना साखर आहे, त्यांच्या पायात आधीच रक्त कमी. मी मान हलवत होते. म्हणजे एकदा माझ्या कढताने आणि एकदा माझ्या गाराने. माझ्याकडे होतं नव्हतं ते दोन्ही मी त्यांना दिलं.

मग त्याने तांडेलांचा उजवा हात उलटा केला. बोटांची टोकं लाल, तर्जनीला फोड.

"हाताला कसं लागलं? हा हात तर चांगला आहे ना?"

रुपल हळूच म्हणाली, "पाय बाहेर काढत असतील."

ज्या बाजूला त्यांना कळत होतं त्या बाजूचा हात त्यांनी त्या पाण्यात घातला होता. चटका बसत होता तरी घातला होता. आणि मला हाक मारत होते. आणि मी बाहेर म्हणत होते, कोपरा मोडशील.

संध्याकाळी लाहू चहा घेऊन आला, कागदाच्या पातळ पेल्यांत. रुपलने पेला पदरात धरला. मी हातात धरून बसले.

"आई, खाली ठेवा, भाजेल."

"काही भाजत नाही."

तिने माझा हात धरून उलटा केला. तळवा लालभडक झाला होता. मला कळलंच नव्हतं. तिने पेला माझ्या हातातून काढून घेतला, आणि मी तिला घेऊ दिला.

नऊ दिवस आम्ही तिथे वाट बघितली. पाय राहील की जाईल, एवढंच. दुसरं काही मी देवाकडे मागितलं नाही, त्यांनी बोलावं असंही नाही. रोज ड्रेसिंग सोडायचे तेव्हा मी उभी राहायची. तांडेलांना त्या पायात दुखत नव्हतं. ते वर पंख्याकडे बघायचे आणि दुखायचं सगळं बघणाऱ्याला. सहाव्या दिवशी बोटं काळी दिसली. डॉक्टर म्हणाला, बघू. दुसऱ्या दिवशीही म्हणाला, बघू. त्या शब्दाशी भांडता येत नाही, कुठून धरायचा तेच कळत नाही.

जिग्नेश चौथ्या दिवशी आला होता, बंदरावरून थेट, अंगाला डिझेलचा वास. बापाजवळ बसला. मला वाटलं, आता हा बोलेल. मी तयार होते. तो म्हणाला, "आई, तू जेवलीस?" एवढंच. घरी जाऊन त्याने गिझरचा काटा पंचेचाळीसवर आणला आणि बटणच उपटून काढलं, असं मला रुपलने सांगितलं. बटण कुठे ठेवलं ते दोघांनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

नवव्या दिवशी कागद आणला. घोट्याच्या वर कापायचा. नाही तर विष वर चढेल.

"ताई, तुम्ही सही करता का?" नर्स रुपलला म्हणाली.

"नवरा माझा आहे," मी म्हटलं. तिसरीपर्यंत शिकले आहे, सही येते मला. अक्षरं एकेक करून काढली. समोर तांडेल पडले होते. त्यांना विचारायला हवं होतं म्हणून मी जवळ गेले, म्हटलं, "तांडेल, पाय कापतायत. सही करू?"

ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्याकडे एकच शब्द होता, आणि तो त्यांनी वापरला नाही.

महिन्याने घरी आणलं. दक्षा सिस्टर आली, पट्टी बघून गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिने टोमणा मारायला हवा होता. कोपराबद्दल.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी मी रुपलला म्हटलं, मी घालते. ती म्हणाली, बरं. मी टब घेतला. गार नळ सोडला, आधी गार. तळावर पाणी वाजलं आणि सासू दारात उभी असल्यासारखं मी मागे वळून बघितलं. मग वरून थोडं गरम. बाही सरकवून कोपर बुडवलं. कोपराला कळत होतं. कोमट होतं, खरंच कोमट. तांब्या भरला आणि त्यांच्या खांद्याकडे नेला.

त्यांनी उजव्या हाताने तांब्याचा काठ पकडला. बोटांवर नवी गुलाबी कातडी आली होती.

"दे."

मला वाटलं, स्वतःच्या हाताने घ्यायचं आहे. मी तांब्या सोडला. पाणी हिंदकळून मांडीवर सांडलं. त्यांनी तो तांब्या माझ्या अंगावरून पलीकडे नेला, दाराकडे, जिथे रुपल टॉवेल घेऊन उभी होती.

"दे," ते म्हणाले. "दे."

रुपल हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. राग होता का, भीती होती का, की माझी कंबर दुखते म्हणून? चाळीस वर्षं मी त्या तोंडावरून वारा ओळखत आले होते. त्या दिवशी मला त्यावर काही वाचता आलं नाही.

"घे की," मी रुपलला म्हटलं. "उभी काय राहिलीस? गार होईल."

आता रोज तीच घालते. मी बाहेर पायरीवर बोंबील साफ करत बसते. आत आधी गार नळ सुटतो. टबाच्या रिकाम्या तळावर तो आवाज मोठा येतो, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतका. मग बऱ्याच वेळाने दुसरा नळ, बारीक धार. मग रुपलचा आवाज, "बाबा, बघा, बरं आहे?" आणि मग त्यांचा शब्द.

शेजारणी विचारतात, हंसाबाय, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातची आंघोळ तांडेलांना चालत नव्हती ना?

मी बोंबलाचं डोकं मोडते आणि सांगते, सुनेला जमतं आता. मीच सोडलं तिच्यावर.